सेवकरामची जागा

जेवणं आटोपली होती. कारध्याला नदीच्या अंगाला धनीरामचं घर आहे. ओट्यापुढे तुरीच्या काड्यांची शेकोटी पेटली होती आणि म्हातारा मांडीवर फाटकं जाळं घेऊन भोकं सांधत बसला होता. शेकोटीच्या एका बाजूला त्याची नात खुशी. ती रोज भंडाऱ्याला कॉम्प्युटर शिकायला जाते. दुसऱ्या बाजूला शेजारचा मुन्ना. मुन्नानं नवं जॅकेट घातलं होतं, पायात बूट होते, आणि थोड्या थोड्या वेळानं तो मोबाईल उघडून पाहत होता.

“कोनाची वाट पाहून राहिला गा?” धनीरामनं विचारलं.

“टिप्परची, काका. आजपासून वाळूच्या गाडीवर जाऊन राहिलो. पुलाजवळ आली का फोन करते म्हने.”

“तुयी माय हो म्हनली?”

“मायले सांगतलंच नाई.”

धनीरामची सुई थांबली. दूर पुलावरून एक जड गाडी गेली.

“फोन येईपर्यंत बस मंग,” तो म्हणाला. “भूपेशची गोष्ट सांगतो.”

“भुताची?” मुन्ना हसला. “काका, आता भूतं कुठं राहिली? गावोगाव लाईट आली.”

“लाईट होती म्हनूनच झाली ते गोष्ट. त्या राती लाईट गेली असती, तं एक मानूस वाचला असता.”

मुन्नानं मोबाईल खिशात ठेवला.

भूपेश म्हणजे धनीरामच्या बहिणीचा मुलगा. भंडाऱ्यात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. त्याची बायको रंजू, आणि रंजूचा धाकटा भाऊ विक्की. विक्की लाखनीच्या पुढे हायवेवरच्या एका धरमकाट्यावर कामाला होता. जमिनीत बसवलेल्या लोखंडी काट्यावर ट्रक चढवायचा, की बाजूच्या कॅबिनमध्ये लाल आकडे उमटतात आणि कॉम्प्युटरमधून वजनाची पावती निघते. काटा केवळराम नावाच्या माणसाचा होता. त्याचे वाळूचे टिप्परही होते. म्हणजे गाडी त्याची, वाळू नदीची, आणि वजन पुन्हा त्याच्याच काट्यावर.

विक्कीच्या आधी त्या कॅबिनमध्ये सेवकराम बसायचा. करडी गावचा माणूस. शांत, पान खाणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. केवळराम सांगेल तेवढं वजन तोही छापून द्यायचा. पण एके दिवशी त्याच काट्यावरून निघालेल्या टिप्परखाली शाळेतून घरी जाणारी एक मुलगी आली. गाडीला झेपेल त्याच्या दीडपट वाळू होती, ब्रेक लागले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सेवकराम खरं वजन छापायला लागला. केवळरामनं समजावलं, दोनदा मारलं. सेवकराम पुन्हा खरंच वजन छापायचा.

मग दिवाळीच्या आधी एका रात्री भरलेल्या टिप्परचं अंग उचलणारा जॅक ‘आपोआप’ उठला. सेवकराम गाडीच्या मागे काट्यावर उभा होता. सगळी वाळू त्याच्या अंगावर आली.

“अपघात म्हने,” धनीराम म्हणाला. “केवळराम म्हने. पुलिसही म्हने. आमी चार लोकं गेलो होतो वाळू उपसाले. अर्धी रात गेली. खाली सेवकराम भेटला, त्याच्या बोटाले नखं नव्हती.”

“काहून?” खुशीनं विचारलं.

“तो आत जित्ता होता ना माय. खालून वाळू उकरत होता. पन उकरलेली वाळू टाकाले जागा तं पायजे! जागाच नव्हती त्याले.”

शेकोटीत एक काडी तडकली. मुन्नानं पाय जवळ घेतले.

सेवकराम गेला तेव्हा कॅबिनमधला कॉम्प्युटर चालूच होता. जुना, धूळ खाल्लेला. वजनाचा प्रोग्रॅम फक्त त्याच्यावरच चालायचा, आणि तो बनवणारा माणूस कधीच गाव सोडून गेला होता. वर्षाच्या शेवटी शेवटी तो कॉम्प्युटर मरायला टेकला. तेव्हा केवळरामनं भूपेशला बोलावलं. भूपेशनं नवा कॉम्प्युटर बसवला आणि जुन्याचं सगळं, विंडोज, प्रोग्रॅम, जसंच्या तसं त्याच्या पोटात उतरवलं. बाहेर नवी मशीन, आत जुनी मशीन.

“व्हर्च्युअल मशीन,” खुशी म्हणाली.

“तेच. तो म्हने, मामा, मेलेला कॉम्प्युटर मी नव्या अंगात घातला. मी म्हनलो, असं बोलू नको बापा.”

गेल्या सालची गोष्ट. डिसेंबरची तीस तारीख, सोमवार, सोमवती अमावस्या. भूपेश दुकान बंद करून घरी आला, हातपाय धुतले, तेवढ्यात विक्कीचा फोन आला.

“भाऊजी, काटा बंद पडला. पावती निघून नाई राहिली. या ना लवकर.”

आवाज बारीक होता, पण भूपेशला वाटलं थंडीनं असेल. रंजूनं भावासाठी डबा भरला. भात, वांग्याची भाजी, थोडी सुकट. वर एक मफलर दिला. भूपेशनं स्कूटर काढली. कारध्याचा पूल ओलांडून तो याच ओट्यापाशी थांबला, धनीरामच्या हातचा चहा प्याला, अर्ध्या तासाचं काम आहे म्हणाला आणि गेला. रस्ता चांगला होता. कापलेल्या धानाच्या बांध्यांवर धुकं उतरलं होतं.

काट्यापाशी पोचला तर तिथं एकच टिप्पर उभा. काट्यावर चढवलेला, काठोकाठ भरलेला, ओल्या वाळूचं पाणी खाली ठिबकत होतं. टिप्परच्या मागच्या फळीखाली कुणीतरी बसलं होतं.

विक्की होता तो. ताडपत्रीच्या दोरीनं त्याचे हात मागे साखळीला बांधले होते. ओठ फाटला होता, एक डोळा सुजून बंद झाला होता. डोक्यापासून दोन हातांवर टिप्परची फळी होती.

“भाऊजी,” तो म्हणाला. एवढंच.

कॅबिनच्या दारात केवळराम उभा होता. हातात चाकं खोलायची लोखंडी टामी. टामीच्या टोकाला विक्कीच्या डोक्याचे केस चिकटले होते.

“ये. मच्छीवाला इंजिनेर आला,” केवळराम म्हणाला. तोंडाला दारूचा वास होता. “काय बसवलं बे तू? तीन दिवस नाई चाललं.”

“सेठ, त्याले सोडा पहिले. मी करतो काम.”

“काम झालं का सोडतो. उजाडाच्या आत माही गाडी इथून गेली पायजे, सकाळी तहसीलचं पथक येनार हाय. पावती नाई निघाली तं जॅक उचलतो. वाळूखाली एक गेला, दुसरा गेला तं काय फरक पडते? काटाबाबू भेटतेत अजून.”

हे तो असं बोलला, जणू टायर बदलायचं सांगत होता. ड्रायव्हरला त्यानं आधीच ढाब्यावर पाठवून दिलं होतं. हायवेवरून ट्रक जात होते, पण काट्यापर्यंत त्यांचा उजेड येत नव्हता.

भूपेश कॅबिनमध्ये बसला. स्क्रीनवर लिहून आलं होतं, जागा उरली नाही.

त्याला चूक लगेच कळली. जुन्या डिस्कची जागा चाळीस जीबी होती, म्हणून नव्या मशीनच्या पोटातही त्यानं चाळीसचाच डबा केला होता. तो भरला होता. सोपं काम होतं. आतली मशीन बंद करायची, बाहेरून डबा मोठा करायचा, पुन्हा चालू करायची. त्यानं सवयीप्रमाणे आधी सगळ्याची एक कॉपी पेनड्राईव्हवर उतरवून घेतली, पेनड्राईव्ह खिशात ठेवला, आणि डबा दोनशेचा केला. मशीन चालू केली.

आत तेवढंच. चाळीस. भरलेलं.

“काय झालं?” केवळराम मागून म्हणाला.

“बाहेरून जागा वाढली सेठ. आतल्याले दिसून नाई राहिली.”

त्यानं डिस्कचा नकाशा उघडला. डावीकडे भरलेली निळी पट्टी. उजवीकडे लांब काळी पट्टी, ती नवी मोकळी जागा. आणि दोघींच्या मधोमध एक बारीक तुकडा. त्याला नाव नाही. असे तुकडे कॉम्प्युटरची कंपनी कधी कधी ठेवते. पण तीन दिवसांपूर्वी उतरवताना हा पाहिल्याचं भूपेशला आठवेना. तो तुकडा मध्ये असेपर्यंत भरलेली पट्टी मोकळ्या पट्टीत शिरू शकत नव्हती.

“तू सांग मुन्ना,” धनीराम मध्येच म्हणाला. “उन्हाळ्यात तलाव आटते. एका डबक्यात पानी, दुसरं डबकं कोरडं. मध्ये मातीचा बांध. पानी तिकडं न्याचं असंल तं काय करतो आपन?”

“बांध फोडतो.”

“तसाच फोडतो?”

“नाई. पहिले तीनदा आवाज देतो. कोनी असंल तं सरकजो.”

“काहून देतो?”

“पान्यात कोन बसून असंल, काय माहीत. बुडालेला असंल कोनी. न सांगता पानी सोडलं तं तो पान्यासंगं येते… असं बुढे लोकं सांगतेत.”

“हां,” धनीराम म्हणाला, आणि पुन्हा सुई चालवू लागला.

भूपेशनं तो तुकडा पुसायला घेतला, तेव्हा त्याला एक आवाज आला. कॉम्प्युटरच्या डब्यातून. खर्र… खर्र… पंख्यात कचरा अडकला असेल, असं वाटलं त्याला. त्यानं डब्यावर हात ठेवला. आवाज हाताखाली होता. कुणी आतून पत्रा खरवडत असावं तसा.

केवळराम हसला. “काय बे, थांबला काहून? बांध फोडताना तुमच्यात आवाज देतेत ना? दे आवाज! माहा बाप म्हने, मच्छीवाले पान्याले बी इचारून मुततेत.”

बाहेर विक्की हुंदके देत होता. काचेतून त्याची वाकलेली मान दिसत होती, आणि मानेच्या वर ती फळी. भूपेशच्या डोक्यात काहीतरी चढलं. लहानपणापासून शंभर वेळा म्हटलेले ते शब्द त्याच्या तोंडावर आले, पण तो तसे बोलला नाही. रागानं उलटे बोलला.

“कोनी असंल तं ये,” भूपेश म्हणाला. “ये बाबा. जागा मोकळी हाय.”

आणि तुकडा पुसला.

खरवडणं थांबलं.

निळी पट्टी सरकली. काळीला जाऊन मिळाली. एक लांब, सलग जागा झाली. मोकळी जागा एकशे साठ, असं लिहून आलं. वजनाचा प्रोग्रॅम उघडला. प्रिंटर घुरघुरला.

“झालं सेठ,” भूपेश म्हणाला. “सोडा त्याले.”

केवळरामनं पावती फाडून घेतली. पाहिली. पुन्हा पाहिली.

“अठ्ठावीस टन भरून आनली गाडी. सव्वीस काहून लिहिलं?”

भूपेशनं लाल आकड्यांकडे पाहिलं. सव्वीस. तो पाहत असतानाच पंचवीस झाले. मग चोवीस.

काट्यावरचा टिप्पर हलका होत होता.

बाहेर काहीच हलत नव्हतं. फळी बंद. वाळू सांडत नव्हती. पण आकडे उतरत होते… आणि स्क्रीनवर मोकळी जागाही उतरत होती. एकशे चाळीस. शंभर. साठ. भूपेशनं आत पाहिलं, एकही नवी फाईल नाही. काहीच नाही. तरी डबा भरत होता.

“वाळू कोन चोरून राहिला बे?” केवळराम ओरडला. “काट्यात काय घातलं तू?”

“मी काईच नाई केलं…”

टामी भूपेशच्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज त्यानं स्वतः ऐकला. तो खुर्चीसकट खाली पडला. दुसरा वार कानाजवळून जमिनीवर आदळला, फरशी फुटली.

“तुह्या साळ्याले दाखवतो आता. पाय तू. नीट पाय!”

केवळराम बाहेर धावला. टिप्परच्या केबिनमध्ये चढला. दार धाडकन लावलं. इंजिन चालू झालं.

भूपेश एका हातानं टेबल धरून उठला. काचेवर मूठ मारत ओरडू लागला. विक्की वर पाहत होता. टिप्परचं अंग हळूहळू उचललं जात होतं… आणखी… आणखी… विक्कीनं डोळे मिटले. फळीचा अडसर सुटला. फळी उघडून खणकन आपटली.

काही पडलं नाही.

एक कणही नाही. टिप्पर रिकामा होता. आतला पत्रा धुऊन पुसल्यासारखा कोरडा.

विक्की तसाच बसून होता. डोळे मिटून. जिवंत.

भूपेशनं स्क्रीनकडे पाहिलं. मोकळी जागा, शून्य.

मग आकडा चढू लागला.

एक. चार. नऊ…

टिप्परच्या केबिनमधून केवळरामची शिवी ऐकू आली. मग “ए!” असं काहीतरी. मग दाराचं हँडल. खटखट. खटखट. दार उघडत नव्हतं. आतला दिवा लागलेला होता, म्हणून सगळं दिसत होतं. केवळराम मांडीवरून काहीतरी झटकत होता. दोन्ही हातांनी. पायाशी वाळू होती. मांडीपर्यंत आली. कुठून येत होती ते दिसत नव्हतं. काचा वर होत्या. त्यानं टामीनं काच फोडायला हात उचलला, पण वाळूत अडकलेला हात पुरता वर आलाच नाही. टामी काचेला लागली, चीर गेली… फुटली नाही.

वाळू पोटापर्यंत आली. छातीपर्यंत.

“बंद कर!” तो किंचाळला. “ए पोट्ट्या! बंद कर ते! बंद कर…”

भूपेश माणूस चांगला आहे. त्याला त्या क्षणीही वाटलं की थांबवावं. खिशात कॉपी होती. मशीन बंद करायची आणि जुनी कॉपी परत टाकायची, म्हणजे मधला तुकडा जिथल्या तिथं, सगळं पहिल्यासारखं. त्यानं धड हातानं माऊस धरला. आतली मशीन बंद करायला बटण दाबलं.

स्क्रीनवर एक चौकोन आला. इंग्रजीत लिहिलं होतं. असा चौकोन त्यानं दुकानात कितीदा पाहिला होता, कधी वाचलाही नव्हता. त्याचा अर्थ असा, की या कॉम्प्युटरवर अजून दुसरं कोणी काम करत आहे. आता बंद केलं तर त्याचं काम अर्धवट राहील. तरी बंद करायचं का?

होय. नाही.

भूपेशनं बाहेर पाहिलं. केबिनच्या काचेला केवळरामचा गाल चिकटला होता. तोंड उघडं. वाळू गळ्यापर्यंत. आणि काचेवर बोटं… खालून वर… खालून वर. उकरत होती.

मागे साखळीला बांधलेला विक्की.

मोकळी जागा एकशे दहा. एकशे वीस.

भूपेशनं ‘नाही’ दाबलं.

…

…

काचेवरची बोटं थांबली.

मोकळी जागा एकशे साठ. चौकोन आपोआप मिटला. वजनाचे लाल आकडे पुन्हा वर चढून स्थिर झाले. अठ्ठावीस टन. आणि प्रिंटरमधून एक पावती निघाली. कुणीही बटण दाबलं नव्हतं.

भूपेशनं ती वाचली नाही. तुटलेला खांदा धरून तो बाहेर गेला, दातांनी दोरीची गाठ सोडवली, विक्कीला पाठीशी बसवून एका हातानं स्कूटर चालवत कारध्यापर्यंत आला. रंजूनं दिलेला डबा तसाच स्कूटरला लटकलेला. मफलर विक्कीच्या डोक्याला गुंडाळलेला, रक्तानं भिजलेला. पहाटे धनीरामनं दार उघडलं तेव्हा दोघंही ओट्यावर बसून होते.

पोलीस आले, तपास झाला. टिप्परची दारं आतून लागलेली, काचा वर. आत छतापर्यंत वाळू ठासलेली. कापून काढावा लागला केवळराम. त्याच्या छातीतूनही वाळू निघाली म्हणतात. कुणी भरली, कशी भरली, काहीच लागलं नाही. एकटा भूपेश, मोडलेल्या खांद्याचा, एका रात्रीत एवढी वाळू कुठून उचलणार? सोडून दिलं. काटा बंद आहे तेव्हापासून. विक्की आता भूपेशच्याच दुकानात बसतो. एका डोळ्यानं कमी दिसतं त्याला.

धनीराम थांबला. शेकोटीत निखारेच उरले होते.

“खरं का गा हे काका?” मुन्नानं विचारलं. आवाज हलका होता.

“भूपेश खोटं नाई बोलत.”

खुशी मघापासून काहीतरी विचार करत होती. “आबाजी, ते पेनड्राईव्ह? ज्याच्यात त्यानं कॉपी घेतली होती?”

“हां?”

“ते कॉपी तं बांध फोडाच्या पहिलेची आहे. म्हंजे त्याच्यात…”

तिनं वाक्य पुरं केलं नाही.

धनीराम उठून घरात गेला. डाळीच्या डब्यामागून कापडाची पुरचुंडी घेऊन आला. भूपेशनं त्याला नदीत टाकायला दिली होती. त्याच्यानं टाकवलं नव्हतं. आतला माणूस पुन्हा पाण्याखाली, पुन्हा वाळूखाली टाकायचा कसा, म्हणाला. पुरचुंडीत लहानसा पेनड्राईव्ह होता. टोपण घातलेला.

“आना इकडं,” मुन्ना म्हणाला. त्याला हसायचं होतं, पण ते जमलं नाही. त्यानं टोपण काढलं.

टोपणातून त्याच्या तळहातावर वाळू पडली. चिमूटभर. नदीची, बारीक, पांढरी. त्यानं हात झटकला, ती ओट्यावर पडली.

खुशीनं बोट लावलं. “ओली आहे,” ती म्हणाली.

तेवढ्यात मुन्नाच्या खिशात फोन वाजला. पुलाजवळून हॉर्न आला. एकदा… मग दोनदा, लांब. फोन वाजत राहिला. मुन्ना ओट्यावरच्या त्या चिमूटभर वाळूकडे पाहत बसला. फोन थांबला, पुन्हा वाजला. पुन्हा थांबला. थोड्या वेळानं पुलावरून एक जड गाडी पुढे निघून गेली.

धनीरामनं टोपण घातलं, पुरचुंडी बांधली आणि डाळीच्या डब्यामागे ठेवून दिली.

सकाळी धनीरामची बायको बायाबाई ओटा झाडायला आली. झाडू तिथंच टाकून ती आत गेली आणि घमेलं घेऊन आली. रात्री जिथं चिमूटभर सांडली होती, तिथून तिनं घमेलंभर वाळू उचलली.